अहमदपूरला गाठ पडली

आमच्या नांदेडच्या घरात आई कुठूनही परत आली, बाजारातून असो की लग्नाहून, अण्णांचा एकच प्रश्न असायचा. "कुणाची गाठ पडली का?" अण्णा म्हणजे माझे वडील. प्रश्न विचारताना ते पेपरातून मान वर करायचे नाहीत. पण पेपराचं पान तिथंच अडलेलं असायचं.

गाठ पडणं हा आमच्याकडचा रोजचा शब्द. भेटायला जाणं वेगळं आणि गाठ पडणं वेगळं. भेटायला जायचं तर ठरवावं लागतं, निरोप द्यावा लागतो, रिकाम्या हातानं जाता येत नाही. गाठ मात्र आपली आपण पडते. भाजी घेताना पडते, एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरताना पडते, कुणाच्या मयतीला पडते. त्यात कुणी मुद्दाम काही केलेलं नसतं, त्यामुळे जाब तरी कुणाला विचारणार? भांडणात लोक "माझ्याशी गाठ आहे" असा दम देतात, तेवढा प्रकार सोडला तर हा शब्द मोठा निरुपद्रवी.

ह्या निरुपद्रवी शब्दावर आमच्या आईनं कितीतरी वर्षं काढली.

माझी थोरली बहीण, अक्का, लातूरला शाळेत शिक्षिका होती. तिनं तिथल्याच एका दुसऱ्या जातीतल्या शिक्षकाशी लग्न केलं. अण्णा हेडमास्तर. शाळेत समतेवर भाषणं देणारे. पण घरात त्यांनी सगळ्या भावकीसमोर आईला शपथ घातली, "तिच्या घराची चौकट ओलांडली तर माझं मेलेलं तोंड बघशील." शपथेचा आमच्याकडे एक रिवाज आहे. ज्यानं घातली त्यानंच "सुटली" म्हणायचं, तेव्हाच ती सुटते. लहान पोरं गुळाच्या खड्यावरून शपथ घालतात आणि घटकाभरात सुटली म्हणून मोकळी होतात. अण्णांचा राग दोनेक वर्षांत ओसरला होता, हे मला दिसत होतं. पण तो एक शब्द काही त्यांच्या तोंडातून निघेना. भावकीसमोर बोललेलं मागं कसं घ्यायचं, एवढीच अडचण. मला त्यांचा त्याबद्दल अजून राग येतो.

आई शपथ मोडणारी नव्हती. नवऱ्याच्या जिवाची शपथ, ती कशी मोडणार! पण शपथ घराच्या चौकटीची होती. अहमदपूरच्या एस.टी. स्टँडची कुणी शपथ घातलेली नव्हती.

आईचं माहेर जळकोटकडचं. नांदेडहून कंधारमार्गे सरळ गाडी होती. आई मात्र अहमदपूरवरून जायची. ती गाडी रिकामी असते, म्हणायची. ती कधीच रिकामी नसे. आठवडाभर आधी मामाकडून अक्काला निरोप गेलेला असायचा, आणि अक्का लातूरहून अहमदपूरला येऊन बाकावर बसलेली असायची. दोघी एकमेकींना बघून इतक्या चकित व्हायच्या, की सोबत गेलेल्या मला हसू यायचं.

"अगं बाई! तू इथं कशी?"

"सहज आलते. तू कुठं चाललीस?"

मग आई डबा उघडायची. दोन तासांच्या प्रवासाला चार माणसांना पुरतील एवढे धपाटे आणि दही. अक्का खायची आणि आई तिला घर विचारायची. ओटा केवढा आहे? मोरी कुठल्या अंगाला? दूध कुठं ठेवतेस, मांजर येत नाही का? अक्का बाकावर बोटानं रेघा ओढून स्वयंपाकघर दाखवायची. इथं दार, इथं खिडकी, इथं गॅस. आई त्या रेघांकडे असं बघायची की जणू आत्ता आत जाईल. तिला लेकीच्या स्वयंपाकघरात एकदा उभं राहून चहा करायचा होता. एवढीच तिची इच्छा होती, आणि ती तिनं माझ्याजवळ अनेकदा बोलून दाखवली.

परत आल्यावर अण्णा विचारायचे, "कुणाची गाठ पडली का?"

"हाव, पडली. अहमदपूरला. अवचितच."

"काय म्हणून राहिली?"

मग आई सगळं सांगायची. खिडकी उगवतीला आहे म्हणं, सकाळचं ऊन थेट गॅसपर्यंत येतंय. अण्णा ऐकायचे. आईच्या पुढच्या फेरीआधी ते धर्माबादची मिरची आणून तिच्या पिशवीजवळ ठेवायचे. "तुझ्या माहेरी लागत असंल." आईच्या माहेरी मिरची शेतात पिकायची. पण आई गुपचूप ती पुडी पिशवीत घालायची आणि पुडी अहमदपूरलाच उतरायची.

भूकंप झाला तेव्हा गावोगाव आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते. नांदेडलाही भांडी वाजली. सकाळी रेडिओवर लातूरचं नाव आलं आणि फोन लागेना. अण्णांनी चपला घातल्या. आईनं विचारलं, "कुठं?" ते तसेच स्टँडवर गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले, धुळीनं भरलेले. त्या दिवशी पहिल्यांदाच आईनं त्यांना विचारलं, "गाठ पडली का?"

"न्हाई. पण बरी हाय." मग चपला काढत म्हणाले, "शाळेच्या मैदानात बाया भाकरी बांधून राहिल्या होत्या, पडलेल्या गावांसाठी. त्यात होती. रस्त्यापलीकडून बघितलं."

आई आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडली. "इतकं जाऊन आवाज दिला न्हाई? घर उभं हाय का पडलं, ते तर बघायचं!" अण्णा मोरीवर पाय धूत बसले. पाय केव्हाच धुऊन झाले होते, तरी ते पाणी घेतच राहिले. मला वाटलं, आता म्हणतील सुटली. ते उठले आणि देवापुढे जाऊन बसले.

त्यानंतरच्या फेरीला अक्कानं सांगितलं की स्वयंपाकघराच्या भिंतीला चीर गेली. "कोणत्या? खिडकीच्या का मोरीच्या?" आईनं विचारलं. आईला ते घर पाठ होतं.

आई गेली, ती फार दिवस अंथरुणाला न खिळता. मयताच्या घरात कुणी कुणाला अडवत नाही, म्हणून अक्का नांदेडच्या घरात आली. अण्णा आणि ती समोरासमोर उभे राहिले, पण बोलले नाहीत. नंतर कितीतरी महिने अण्णा बाजारातून आले की उंबऱ्यात क्षणभर थांबायचे. आता विचारायलाही कुणी नव्हतं आणि विचारणारंही. एकदा मीच विचारलं, "कुणाची गाठ पडली का, अण्णा?" ते तोंड फिरवून आत गेले. पुन्हा मी विचारलं नाही.

पुढे लातूरचं रूपच बदललं. भूकंपाचं गाव म्हणून ओळखलं जाणारं लातूर क्लासचं गाव झालं. गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या, घराघरात भाड्याच्या खोल्या, पाठीवर दप्तर घेऊन पळणारी पोरं आणि त्यांच्यासाठी गाव सोडून स्वयंपाक करायला आलेल्या आज्या. माझ्या मुलीचा डॉक्टरकीचा क्लास लागला तेव्हा अण्णा म्हणाले, "मी राहतो तिच्याजवळ." अण्णांना धड वरणसुद्धा येत नव्हतं. तरी मी हो म्हणाले. खोली त्यांनीच निवडली, अक्काच्या घरामागच्या गल्लीत.

मुलगी फोनवर सांगायची, "आई, आजोबा रोज भाजी आणतात. एवढी कोण खाणार? पालक सडून चाललाय." मला कळत होतं. अक्का ज्या मंडईत जायची त्याच मंडईत ते पिशवी घेऊन उभे राहायचे. मी अक्काला सांगितलं तर ती म्हणाली, "मला माहीत हाय. बघितलंय मी त्यांना, दुरून. मी आता दुसऱ्या मंडईला जाते."

"अक्का, म्हातारे झालेत गं."

"आई होती तोवर मी रस्त्यावर बसून धपाटे खाल्ले. आता रस्त्यावर गाठ पडायला मी जाणार न्हाई. दार उघडं हाय म्हणावं."

हे मी अण्णांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर पालक यायचा बंद झाला, एवढंच मुलीकडून कळलं.

मग एका रविवारी अक्काचा फोन आला. ती रडत होती. म्हणाली, "अण्णा आले होते." सकाळी दार वाजलं, तर हे उभे. हातात धर्माबादच्या मिरचीची पुडी. आत या म्हटलं तर आले नाहीत. चौकटीबाहेर उभे राहून आधी म्हणाले, "सुटली." कुणाला म्हणाले ते अक्कानं विचारलं नाही. मग आत आले, ते बैठकीत न थांबता सरळ स्वयंपाकघरात गेले. भिंतीवरच्या बुजवलेल्या चिरेवरून हात फिरवला. "दूध खिडकीत ठेवत जाऊ नको," म्हणाले. आणि अक्काला बाजूला सारून स्वतः चहा ठेवला. चहा अगदीच पाणचट झाला होता, तो दोघांनी उभ्यानंच प्यायला.

मी तो दिवस कसाबसा काढला. संध्याकाळी अण्णांना फोन लावला. काय विचारावं ते सुचेना, म्हणून जुनंच विचारलं.

"अण्णा, अक्काची गाठ पडली का?"

"न्हाई," ते म्हणाले. "भेटायला गेलतो."

त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली, तरी ते जागचे हलले नसावेत.

"तुझी आई सांगायची तसंच हाय सगळं," ते म्हणाले. "ऊन गॅसपर्यंत येतंय. सकाळी गेलतो, मुद्दाम."