काकांच्या नंबरवरचा ओटीपी

आर्णीत कॉम्प्युटरचं दुकान टाकलं की माणूस अख्ख्या गावाचा गडी होतो. कुणाचा प्रिंटर अडतो, कुणी पासवर्ड विसरतो, फोन मलाच. त्या दिवशी शटर वर करायच्या आधीच दाळ मिलवाल्यांचा मुलगा दारात उभा होता. त्यानं नवी वेबसाइट करून घेतली होती. करणाऱ्या शहाण्यानं डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याच्या, सेटिंगमधल्या जुन्या नोंदी कचरा समजून झाडून काढल्या, आणि मेल कुठल्या सर्व्हरवर जायचे ती नोंदही त्यातच गेली. वेबसाइट नवरीसारखी नटली होती, पण हैदराबादच्या व्यापाऱ्याचा एकही मेल पोचत नव्हता.

नोंद परत टाकणं फार मोठं काम नाही. पण डोमेनचं खातं उघडायला ओटीपी लागतो, आणि तो जाणार होता त्याच्या वडिलांच्या, म्हणजे काकांच्या नंबरवर. त्या घरात बोअरचं मीटर घ्या नाहीतर ट्रॅक्टर, नाव काकांचंच लागायचं. जन्मात कधी माउसला हात न लावलेल्या माणसाच्या नावानं डोमेनही घेतलं होतं. काका तर मागच्या उन्हाळ्यातच गेले.

नंबर चालू असेल याची मला खात्री नव्हती. पण काकू दर महिन्याला चौकातून त्यात रिचार्ज टाकून आणतात, असं मुलानं सांगितलं. चिडत, उपाशीपोटी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेलो. फोन देव्हाऱ्याशेजारी चार्जिंगला होता. मी ओटीपी मागवला, फोन वाजला, तशा काकू स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच धावत आल्या. त्यांनी एकेक आकडा वाचून दाखवला. मी नोंद टाकली, आणि थोड्या वेळानं व्यापाऱ्याचा मेल आला.

मग मुलगा म्हणाला, आता माझाच नंबर टाकून दे, दरवेळी हे रामायण नको. त्याचं बरोबरच होतं. मलाही या खेट्यांचा कंटाळा आला होता. मी नंबर बदलायचं पान उघडलं. काय करून राह्यले म्हणून काकूंनी विचारलं, तेव्हा सांगितलं.

त्या जरा वेळ फोन पदरानं पुसत राहिल्या.

"काहून काढतं बापा? त्याहीच्या फोनवर आता दुसरं काहीच येत नाही."

मुलगा खिडकीबाहेर बघू लागला. मला वाईट वाटलं, आणि थकवाही आला, कारण पुढच्या वेळीही इथं मलाच यावं लागणार होतं. काही न बदलता मी ते पान बंद केलं.

"फोन चार्जिंगवर ठेवत जा, काकू," मी म्हणालो.