बारा वाजून गेल्यावर

अंबाडीच्या भाजीचा आंबूस वास आला की घाटंजीतली ती दुपार आठवते. कापसाअभावी सरकी काढायचा जिनिंगचा कारखाना बंद पडला होता. कामासाठी सुरतेला गेलेल्या नवऱ्याचा महिनाभर निरोप नव्हता. विहारातल्या भंतेजींना जेवण देण्याची पाळी माझी होती. पण जिनिंगचा भोंगा थांबल्यापासून मला वेळ कळत नसे. अंबाडीची भाजी-भाकर घेऊन पोहोचले तेव्हा बारा वाजून गेले होते, आणि भिक्खूंच्या नियमाप्रमाणे बारानंतर ते जेवत नसत.

"खाऊन घ्या ना भंतेजी, कोण पाहून राह्यलं?" मी चिडले.

"उपाशी मी, अन् राग तुले? तू कधी जेवली व बाई?"

मला आठवेना.

"मग बस. आता फक्त हा घास खा. नवऱ्याची काळजी घास गिळल्यावर."

मी जेवेपर्यंत ते उपाशीपोटी समोर बसले.

नवरा परतला नाही. मी मात्र रोज बाराला जेवते, आणि तेवढा वेळ त्याची वाट पाहत नाही.