तीन गुणांची फाईल

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आता बसलाय, असंही म्हणणार नाही. बारा वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय ओळ सोडायची नाही, ही सवय. इथेही जे स्वतः पाहिलं-ऐकलं तेवढंच लिहितोय.

डेस्क सुटल्यावर आदिलाबादमधल्या एका खासगी हॉस्पिटलात, सर्जरी विभागात रिसर्च असिस्टंट म्हणून लागलो. पोटाच्या ऑपरेशनला आलेल्या पेशंटचं वय, नाडी, बीपी, लघवी, सगळ्याला गुण द्यायचे. एकूण गुण कमी असतील तर पेशंट वाचणार, असं भाकीत. तिसाव्या दिवशी मी घरी फोन करून निकाल भरायचा : जिवंत, मृत्यू किंवा संपर्क नाही. ही पद्धत विभागप्रमुखांनी बसवलेली. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. वॉर्डला त्यांची सूचना होती – घरी गेलेल्या पेशंटचा फोन आला की आधी फाईल बघा. गुण तीन, म्हणजे सगळ्यात कमी, असतील तर परत बोलावू नका.

तामसीकडच्या एका खेड्यातल्या सखूबाईंचे गुण तीन होते. आतड्याचं छिद्र शिवलं, आठव्या दिवशी घरी गेल्या. तिसाव्या दिवशी मी फोन केला. त्यांच्या नवऱ्याने, किसनभाऊंनी उचलला.

"बाविसाव्या दिवशीच गेली ती, साहेब. पोट फुगून राह्यलं होतं. तीनदा फोन केला आमी. तुमची बाई म्हणे, कागदावर ठीक हाये, काऊन घाबरून राह्यले?"

मी दिवस टिपून घेतला. ते पुढे म्हणाले, "तिचं लिवा मात्र. दुसऱ्या कोणाले असं घरी बसवू नका."

मी सरांना फक्त मृत्यू झाल्याचं सांगितलं. या पद्धतीवरचा सरांचा शोधनिबंध पाठवायला आठवडा उरला होता.

"तीन गुणांत मृत्यू? मग आपण केलं काय इतके दिवस? संपर्क नाही, असं लिही."

मी लिहिलं.

दोन महिन्यांनी सरांचं अपेंडिक्स फुटलं. ऑपरेशन आमच्याच थिएटरात झालं. फॉर्म मी भरला. गुण – तीन. सर पडल्या पडल्या हसले, "चला, वाचलो म्हणायचं!"

आठव्या दिवशी घरी गेले. विसाव्या दिवशी स्ट्रेचरवरून परत आले, पोट ताठ फुगलेलं.

"सर, आधी का नाही आलात?"

"वॉर्डला फोन केला रे... तीनदा. रोज सकाळी एकदा. एक बाई उचलायची, गावाकडची. म्हणायची – कागदावर ठीक हाये, काऊन घाबरून राह्यले? म्हटलं, गुण तीनच आहेत... थांबलो."

किसनभाऊंचं ते वाक्य मी सरांना कधीच सांगितलं नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, वॉर्डचा फोन वाजलाच नाही. सरांचा मोबाईल मी पाहिला. तिन्ही कॉल लागले होते, प्रत्येक मिनिटभराचा.

बाविसाव्या दिवशी सर गेले.

तिसाव्या दिवशी त्यांच्या फॉर्मवर मी 'मृत्यू' लिहिलं. दुसऱ्या सकाळी तिथे 'संपर्क नाही' होतं. अक्षर माझं! ते खोडून पुन्हा लिहिलं, नियमाप्रमाणे सही-तारीख घातली. तिसऱ्या सकाळी खाडाखोडही नव्हती, सहीही नव्हती. स्वच्छ कागदावर – 'संपर्क नाही'. फाईलींच्या कपाटाची एकच किल्ली, ती माझ्याकडे असते.

मग मी सखूबाईंची फाईल काढली. माझे ते दोन शब्द खोडून 'मृत्यू, बाविसावा दिवस' लिहिलं आणि सही केली. त्यानंतर सरांच्या फॉर्मवर पुन्हा 'मृत्यू' लिहिलं. ती नोंद टिकली. अजून आहे. दोन्ही फाईली मी दाखवल्यावर शोधनिबंध विभागाने मागे घेतला. वॉर्ड आता फोन आला की पेशंटला बोलावतो.

किसनभाऊंना हे कळवायला फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमी लिवलं, साहेब," त्यांनी विचारलं, "का तिनं तुमच्याकून लिववून घेतलं?"

मी सखूबाईंची फाईल पुन्हा उघडून पाहिली. अक्षर माझंच होतं.