पुढे न झुकणारा कॅमेरा

गेल्या गुरुवारी सकाळी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर ताडपत्री अंथरून मी माझा जुना प्रेस कॅमेरा खोलायला बसलो.

मी अलिबागला एक्स-रे टेक्निशियन आहे. पूर्वी वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर वापरायचे तसला मोठा, घडीचा कॅमेरा माझ्याकडे आहे. त्यात मी एक्स-रे फिल्म कापून घालतो. एक तुकडा, एक फोटो.

ओळखीतल्या हिराजी नाखवांनी होडी विकली होती. गुडघे साथ देत नाहीत, मागे चालवणारं कोणी नाही... शनिवारी नवे मालक ती न्यायला येणार होते. "जायच्या आधी एक फोटो काढ," नाखवा म्हणाले होते. "नांगरापासून सुकाणूपर्यंत सगळी दिसली पायजे."

पहिला प्रयत्न फसला. समोर वाळूतला नांगर स्पष्ट आला की मागची होडी धूसर. दोन्ही स्पष्ट यायला लेन्स थोडी पुढे झुकवावी लागते आणि या कॅमेऱ्याची फक्त मागे झुकते.

जुन्या कॅमेऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. बहुतेकांचं म्हणणं, जुन्याला हात लावू नका, दुसरं मॉडेल घ्या. पुण्यात एक लाकडी, लेन्स पुढे झुकणारा फील्ड कॅमेरा बघूनही ठेवला... पण तो हातात यायला दोन आठवडे लागणार होते.

गुरुवारी नाखवांना हेच सांगायला गेलो. त्यांनी कॅमेरा पुढून-मागून पाहिला. "मागं झुकतंय ना? मग उलटा बसव."

हा उपाय मीही वाचला होता. लेन्सची चौकट चार स्क्रूंवर असते, ती उलटी फिरवून लावली की मागे झुकणारी लेन्स पुढे झुकते. भीती होती ती भात्याची... लेन्सपासून मागे फिल्मपर्यंत जाणारा, चौकटीला चिकटवलेला हा घड्यांचा जुना चामड्याचा पडदा सोडवताना फाटला, तर कॅमेराच गेला.

स्क्रू काढले आणि तिथेच अडलो. नाखवांच्या पत्नी यमुनाबाई शेजारी जाळं शिवत होत्या. "आण इकडं," त्या म्हणाल्या. जाळ्याची चपटी सुई कडेने आत सरकवत त्यांनी भाता बोट-बोटभर सोडवला. पाऊण तास लागला. कुठेही फाटला नाही.

चौकट फिरवली, पंक्चरवाल्याकडच्या सोल्युशनने भाता परत चिकटवला. शुक्रवारी सकाळी फोटो घेतला. नांगराच्या गंजापासून सुकाणूपर्यंत सगळं आलं... शनिवारी होडी गेली.

रविवारी प्रिंट द्यायला गेलो. नाखवा येईल त्याला "सुटलो एकदाचा" सांगत होते. प्रिंट हातात घेतल्यावर त्यांनी होडीच्या एका फळीवर बोट ठेवलं आणि यमुनाबाईंना म्हणाले, "ही तुझ्या भावानं बसवलेली."

"व्हय," यमुनाबाई म्हणाल्या.

बराच वेळ दोघं बघत राहिले. मग नाखवा हळूच म्हणाले, "सुटलो नाय गो."

यमुनाबाई उठून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

मी घरी येऊन पुण्याला कॅमेरा नको म्हणून कळवलं. नवा कॅमेरा यायची वाट बघितली असती, तर त्या दोघांकडे हा फोटो नसता... यमुनाबाई, तुमचे मनापासून आभार.