नाक न बघणारा माणूस

माझ्या नातीच्या सासरी बाळाच्या नाकावरून भांडण पेटलं. "असलं चपटं नाक आमच्यात कुणाचं न्हाय," असं तिची सासू म्हणाली आणि गोष्ट थेट डीएनए तपासणीवर गेली. पोरीचा संसारच टांगणीला लागला की हो!

शाहूपुरीतल्या लॅबमध्ये नमुने घेणारा तो माणूस मला अजून आठवतो. नाव विचारायचं राहूनच गेलं. नातजावयाच्या गालात कापसाची काडी फिरवून त्यानं ती पाकिटात घातली, पाकिटावरचं नाव त्यालाच मोठ्यानं वाचायला लावलं, आणि हातमोजे बदलून मगच तो बाळाकडं वळला. तेवढ्यात नात म्हणाली, "आत्ताच पाजलंय त्याला." त्यानं हातातली काडी खाली ठेवली.

"मग तासभर थांबा. दुधातनं आईचा अंश येतोय तोंडात."

"ओ पावणं, उरका की आता!" सासू करवादली.

"मावशी, मशीन चुकत न्हाय, हात चुकतोय. माझा हात चुकला तर ह्याचा बाप बदलंल."

मला काही राहवेना. विचारलंच, "तुम्हाला कुणासारखं वाटतंय हो बाळ?"

"मी चेहरा बघतच न्हाय, आजी. बघितला की मन एका बाजूला जातंय."

निकाल आला. बाप नातजावईच. आता सासू येईल त्याला बाळ दाखवते, "नाक बघा, हुबेहूब बापाचं!"

नाक आहे तेवढंच चपटं आहे. ते न बघणारा तो एकटाच भेटला, म्हणून माझी पोर आज तिच्या घरात आहे.