गवा आणि भाकरी

जंगलातलं जनावर बाहेर पडायची वेळ आणि आमच्या हिची जेवायची वेळ एकच. दिवस कलला की हिचा डबा उघडायचा. मग समोर काय येऊन उभं राहिलंय, याच्याशी हिला काही देणंघेणं नसे. आम्ही सांगलीकडचे जैन. रात्री जेवायचं नाही हा नेम हिने माहेरीच घेतलेला. मी माधवनगरात सुताचा व्यापार करणारा, दुकान बंद करून उशिरा घरी येणारा. मला तो नेम कधी जमला नाही आणि खरं सांगायचं तर जमवायचाही नव्हता.

फिरायची हौस मात्र दोघांनाही. मुली सासरी गेल्यावर जुनी गाडी काढून आम्ही सुटायचो. थंडीत मायणीच्या तलावावर पक्षी, पाऊस ओसरता ओसरता कासची फुलं, उन्हाळ्यात सागरेश्वरची हरणं. कासला मी फुलांकडे बघायचो आणि ही पायाखाली. मुंगी चिरडायला नको म्हणून इतकं जपून चालायची की मागची माणसं खोळंबायची. "अगं, फुलं बघायला आणलंय तुला," असं मी म्हटलं की म्हणायची, "तुमी बघा की. घरी गेल्यावर मला सांगा." आणि घरी गेल्यावर खरोखरच चहा घेऊन समोर बसायची. मग मी सगळी सहल तिला पुन्हा सांगायचो.

माझा जीव गव्यात. चांदोलीच्या कडेला ओळखीच्या पाटलांचं शेत आहे. संध्याकाळी गवे रानातून तिथे उतरतात. दर वर्षी आम्ही बांधावर जाऊन बसायचो आणि दर वर्षी झुडपं हलली की नेमकी त्याच वेळी ही माझ्या हातावर भाकरी ठेवायची. "आवं, आधी खावा. गवा उद्याबी येईल, दिवस थांबायचा न्हाई." मी घास कोंबून मान वर करेपर्यंत गवा पसार. असा वैताग यायचा! "तुझ्या नादानं मला आजवर नुसती शेपटी दिसली," मी कुरकुरायचो. "लोकांना सांगताना मात्र शिंगांसकट सांगता," असं म्हणून ती हसत डबा आवरायची.

गेल्या हिवाळ्यात ही गेली. विश्रामबागेतल्या घरात आता दिवसभर टीव्ही चालू असतो. काय चाललंय ते मी बघत नाही, कुणीतरी बोलत असलं की बरं वाटतं. मुलींचे फोन येतात. "बाबा, बाहेर पडा." म्हणून यंदा एकटाच चांदोलीला गेलो. आज गवा डोळे भरून बघायचा, असं ठरवूनच गेलो होतो. आता आडवं यायला कोणी नव्हतं.

पाटील शेजारी बसले होते. ऊन डोंगरावर चढलं. मी पिशवीतून डबा कधी काढला, भाकरी कधी मोडली, मला कळलंच नाही.

"शेटजी!" पाटील कुजबुजले. "आवं, मान वर करा की. हितंच उभा हाय. लय मोठा नर!"

ओलं गवत तुटल्याचा आवाज अगदी जवळून येत होता. मान वर करायचा अवकाश होता. पण बघून घरी जायचं, कुलूप काढायचं आणि सांगायचं कुणाला?

"जरा थांबा पाटील," मी म्हणालो. "दिवस मावळतोय."

आणि खाली मान घालून जेवत राहिलो.