कोतवाल पक्षी आणि दाखवायचा फोटो

मी काळी आहे. सावळी, गव्हाळ, निमगोरी हे शब्द मध्यस्थांनी माझ्यासाठी वापरून पाहिले, पण सगळे तोकडे पडले. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मी जळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते, आणि माझं लग्न जमेना हा घरातला एकमेव विषय होता. अशा वेळी मुलीनं विणकाम शिकावं. मी पक्ष्यांचे फोटो काढायला शिकले.

कॅमेरा मामांचा. ते भुसावळला रेल्वेत होते. डोळे अधू झाल्यावर त्यांनी तो मला देऊन टाकला. रविवारी तो गळ्यात अडकवून मी मेहरूण तलावावर नाहीतर केळीच्या बागांकडे जायची. पक्षीही मला आवडले ते काळेच, कोतवाल, कावळा, पाणकावळा. पण तारेवरचा कोतवाल टिपला, की फोटोत तारेवर डांबराचा गोळा यायचा. ना पिसं, ना डोळा. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर मागचं लख्ख आकाश बघून बिचकायचं आणि उजेड कापायचं. भिंतीवरचा कावळा जवळून, चौकट भरून घेतला तर उलट तऱ्हा. एवढा अंधार बघून मीटर भरमसाट उजेड आत घ्यायला सांगायचं आणि कावळा राखाडी व्हायचा. जगातली प्रत्येक वस्तू मध्यम करड्या रंगाची असते, नसेल तर तशी करून घ्यावी, अशी मीटरची पक्की समजूत असते. मला ती समजूत ओळखीची होती.

बऱ्याच फिल्मा वाया घालवल्यावर मार्ग सापडला. मीटर पक्ष्यावर धरायचंच नाही. ज्या उन्हात पक्षी बसलाय त्याच उन्हात आपला तळहात धरायचा, तो मोजायचा, मीटर सांगेल त्याहून एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, जास्त उघडायचा आणि काळ्या पिसांसाठी वर आणखी अर्धा. तळहात बहुतेकांचे सारखेच उजळ असतात. मुलगी बघायला येणाऱ्यांनी तळहात बघायची पद्धत ठेवली असती तर मी केव्हाच उजवली गेले असते.

तर त्या हिशेबानं, भर दुपारी, म्हशीच्या पाठीवरचा कोतवाल मी टिपला. दुभंगलेली शेपटी, पंखांवर निळसर चमक, सगळं निगेटिव्हमध्ये होतं. आनंदानं स्टुडिओत गेले. स्टुडिओवाल्यांनी प्रिंट हातात दिली. कोतवाल फिकट करडा, पारव्यासारखा.

"ताई, फारच काळं येत होतं," ते प्रेमानं म्हणाले, "जरा उजळ करून दिलंय."

मी त्यांच्याशी भांडणार होते, तेवढ्यात ध्यानात आलं. माझा दाखवायचा फोटोही यांनीच काढला होता. गावातल्या सगळ्या उपवर मुली या एकाच डार्करूममधून गोऱ्या होऊन बाहेर पडायच्या. तो फोटो बघून चोपड्याची मंडळी आली होती. मी पोह्यांच्या बशा फिरवल्या, पाणी दिलं. मुलाची आई बशी संपवून म्हणाली, "आते पोरले बलावा." मी समोरच उभी होते. आईनं खाली मान घालून सांगितलं, की हीच. त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि मंडळींना एकदम परतीच्या एस्टीची आठवण झाली.

करड्या कोतवालाकडे बघताना मला तो दिवस आठवला आणि संताप आला. मी घरी गेले, गच्चीवर खुर्ची मांडली, कॅमेरा कठड्यावर ठेवला, तळहात मोजला, एक आणि अर्धा स्टॉप उघडला आणि आपोआप बटण दाबणारी कळ ओढून उन्हात जाऊन बसले. प्रिंट करून घ्यायला स्टुडिओत ठाण मांडलं. "उजळ करायचा नाही," असं बजावलं. "ताई, मी तुमच्या भल्याचंच बघतो," असं म्हणत, अतिशय दुःखी चेहऱ्यानं त्यांनी तो जसाच्या तसा छापला.

फोटोत मी काळी होते. पण नाक, हनुवटी, कपाळावरचा घाम, सगळं दिसत होतं. मला स्वतःला मी आवडले, हे सांगायला आता लाजत नाही. आई मात्र म्हणाली, "हा पाठवलास तर कुणी फिरकायचं नाही." मी म्हटलं, पाठवीन तर हाच. चार दिवस अबोला धरून तिनं तो मध्यस्थ नानांच्या हवाली केला.

आणि साक्रीकडची मंडळी आली! फोटो सोबत घेऊनच आली. मुलाच्या आईनं फोटो माझ्या चेहऱ्याशेजारी धरला, कापड निवडावं तसं दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाली, "फोटोमा शे तशीच शे पोर." आईचा जीव भांड्यात पडला. मुलगाही हसतमुख होता. सुटीत काय करता, असं त्यानं विचारलं. मी कोतवालाचं सांगितलं, पिसांवरची चमक, कडक ऊन, तळहात. बोलता बोलता पोहे गार झाले. तो ऐकत होता, निदान मला तसं वाटलं. मला तो आवडला होता.

आठवड्यानं नाना निरोप घेऊन आले. पागोटं काढून ओट्यावर बसले आणि आईला म्हणाले, "रंगनं काही नही म्हनतस त्या. पन पोर उनमा कॅमेरा लिसन हिंडस, हाई त्यासले नको."

आई पदर डोळ्यांना लावून आत गेली. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू. पण रडताना एक गोष्ट मला जाणवत होती. आजवरचे सगळे नकार स्टुडिओतल्या त्या गोऱ्या मुलीच्या नावावर जमा होते. मला बघून, माझं सगळं ऐकून घेऊन आलेला हा पहिलाच.